मदत हवी आहे: डुकरांना खोकला आहे आणि त्यांचं वागणंही बदललंय

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यात आमचं छोटं वराहपालन आहे. लार्ज व्हाइट यॉर्कशायर जात, सहा माद्या आणि साडेतीन-चार महिन्यांची ३४ डुकरं. त्रास दोन नंबरच्या कप्प्यात आहे. तिथे १२ जण आहेत.

रात्री गारठा पडायला लागल्यापासून संध्याकाळी शेडचे पडदे पूर्ण खाली सोडतो. खोकला नंतर आला, आधी बदलला तो गोंगाट. सकाळी बादली वाजली की ही मंडळी शेड डोक्यावर घेतात. सोमवारी त्या कप्प्यातून निम्माच आवाज आला. चौघं उठलीच नाहीत. हाकलल्यावर गव्हाणीशी आली, दोन घास खाऊन परत भिंतीकडे गेली. मला वाटलं, खाद्याची नवी गोणी फोडली म्हणून असेल. बुधवारी खोकला ऐकला. कोरडा, लागोपाठ पाच-सात ठसके, मान खाली आणि पाठ वर. जरा पळवलं की जास्त.

एरवी दुपारी ती कुशीवर पाय ताणून ऐसपैस झोपतात. आता उन्हातसुद्धा एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडतात. एक तर कुशीवर होतच नाही, पाय पोटाखाली घेऊन नुसतं बसल्यासारखं राहतं.

शिवाय दोघांच्या शेपट्या चावलेल्या दिसल्या. लक्ष ठेवलं तर चावणारं डुक्कर खोकणाऱ्यांपैकीच निघालं! आजारी जनावर मलूल होतं हे समजतं, पण ते चावायला का लागतं?

काल दोघांचा ताप १०४ फॅरनहाइटच्या वर होता. गेल्या वर्षी अशाच खोकल्याकडे मी काणाडोळा केला आणि तीन डुकरं गेली. त्यातलं एक रात्रभर कुत्र्यासारखं पुढच्या पायांवर बसून, तोंड उघडून श्वास घेत होतं. सकाळी नाकाशी रक्ताळलेला फेस होता. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. डॉक्टर परवा येणार आहेत. तोपर्यंत काय बघू, काय करू?

उत्तर (पशुवैद्यक)

दादा, गोंगाट कमी झाला हे तुम्ही टिपलंत, हीच सगळ्यात कामाची नोंद आहे. दाह सुरू झाला की शरीरातली रसायनं मेंदूपर्यंत निरोप नेतात आणि भूक, खेळणं, उकरणं बंद होतं. ढीग करतात ते तापाच्या थंडीनं. पोटावर बसून राहणारं जनावर मात्र वेगळं धरा. छातीत दुखतं म्हणून ते कुशीवर होत नाही. ते कुत्र्यासारखं बसलं किंवा तोंडानं श्वास घ्यायला लागलं, तर परवाची वाट बघू नका, त्याच तासाला फोन करा. १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाइनवरही करता येतो.

चावण्याचं म्हणाल तर त्याच रसायनांनी स्वभाव चिडका होऊ शकतो. कोंडलेली हवा त्यात भर घालते. ज्याला चावतात ते आजारी असेल तर बाजूलाही सरकत नाही, म्हणून जखम वाढते. शेपटीतून रक्त आलेली दोघं आजच वेगळी काढा. ज्यांना ताप आहे त्यांना वेगळ्या, रिकाम्या कप्प्यात कोरड्या भुश्श्यावर ठेवा.

कोरडा, रेंगाळणारा खोकला बहुधा मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा असतो. एकट्यानं तो फारसा मारत नाही, पण वजन खातो आणि पुढच्या जंतूंना दार उघडून देतो. गेल्या वर्षीचं वर्णन अ‍ॅक्टिनोबॅसिलस या जिवाणूच्या न्यूमोनियासारखं वाटतं. सगळी शेड एकाच दिवशी खोकायला लागली असती, तर इन्फ्लुएंझाचा संशय घेतला असता. तो माणसाकडूनही डुकरांना लागतो. घरात कुणाला सर्दी असेल तर त्यांनी शेडमध्ये जाऊ नये. जंताचं औषध कधी दिलंत? गोल जंतांच्या अळ्या फुफ्फुसातून जातात, तेव्हाही खोकला येतो.

आणि पडदे! पहाटे आत जाऊन डुकराच्या उंचीला खाली बसा. डोळे चुरचुरले तर तो मलमूत्रातून येणारा अमोनिया वायू आहे. नाकातली जंतू अडवणारी बारीक लव त्यानं निकामी होते. गार झोत अंगावर येऊ देऊ नका, पण वरून हवा जाऊ द्या. उरलेलं अँटिबायोटिक मनानं टोचू नका.

श्वास झोपेत मोजा. या वयात मिनिटाला २५ ते ३५ ठीक. पोट भात्यासारखं उडत असेल तर आकडा लिहून ठेवा. कान-पोट लाल-जांभळं झालं किंवा पटापट मरतूक सुरू झाली, तर विक्री थांबवून लगेच कळवा. तो स्वाइन फीवर, म्हणजे डुकरांचा जीवघेणा साथीचा आजार, असू शकतो.

धागाकर्ता

डॉक्टर, मनापासून आभार. पहाटे पाचला खाली बसून बघितलं, दोन मिनिटांत डोळ्यांत पाणी आलं. उभं राहिल्यावर काहीच जाणवत नव्हतं. पडद्याची वरची हातभर पट्टी उघडी ठेवलीय. जंताचं औषध पिल्लं आईच्या दुधापासून तोडली तेव्हा दिलं होतं, त्यानंतर नाही. पोटावर बसणाऱ्याचा श्वास ५४ भरला, बाकीच्यांचा ३० ते ३८. तोंड बंद आहे, पाणी पितंय. आमच्या इथल्या डॉक्टरांना फोन केला, ते आजच दुपारी येतायत.

एकच विचारतो. तीन नंबरच्या कप्प्यातून आज एक ठसका ऐकू आला. मध्ये नुसती जाळी आहे, नाकाला नाक लागतं. तिथे आता फळी ठोकली तर उपयोग होईल का, की उशीर झाला?