अ‍ॅनिमेतली हालचाल अडखळते, म्हणजे काम स्वस्तात उरकलंय का?

वरचा हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर 'नाही' असंच आहे. अ‍ॅनिमेत, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये, सेकंदाला फ्रेम (पडद्यावर एकामागून एक झळकणाऱ्या स्थिर प्रतिमा) 24च असतात, फक्त काढलेलं एकेक चित्र सहसा दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात. म्हणजे सेकंदाला 12 किंवा 8 चित्रं. ठोसा बसण्याआधी चित्र जरा जास्त रोखतात आणि मग एकदम सोडतात, म्हणून तो जड वाटतो. टीव्हीचं मोशन स्मूदिंग चालू असेल तर टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घुसवतो, कडा विरघळतात आणि त्या ठोशातला सगळा जीव जातो. ते आधी बंद करा.

एखाद्या भागावर लिहायचं असेल तर त्यातला प्रसंग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये थांबवा, कीबोर्डवरची 'E' कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या आणि एक चित्र किती फ्रेम टिकतं ते मोजा. कॅमेरा सरकत असेल तर मोजणी चुकते: पार्श्वभूमी दर फ्रेमला हलते, पात्राचं चित्र मात्र तेच असतं. म्हणून नजर फक्त बोटांवर किंवा केसांवर ठेवा.

श्रेयनामावली सोडू नका, त्यातली बरीच नावं भागागणिक बदलतात. 'एकोन्ते' म्हणजे स्टोरीबोर्ड, 'एन्शुत्सु' म्हणजे त्या भागाचं दिग्दर्शन, 'साकुगा कान्तोकु' म्हणजे सगळ्यांची चित्रं दुरुस्त करून एकसारखी ठेवणारा. चेहरे अचानक वेगळे दिसले की आधी हे शेवटचं नाव बघावं.