पावसाळ्यात परत येणारा लघवीचा वास: कुत्र्यामांजरांसह भाड्याने दिलेलं घर कसं स्वच्छ ठेवावं?

बाल्कांव_शिवोली (प्रश्न)

गोव्यात शिवोलीतलं चिऱ्याचं (जांभा दगडाचं) जुनं कौलारू घर पर्यटकांना चार-आठ दिवसांसाठी दिलं जातं. पाळीव प्राणी आणायला परवानगी आहे. हॉलला रेड ऑक्साइडचा लाल कोबा, दोन्ही बेडरूमना व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींना जुना चुन्याचा गिलावा. एप्रिल-मेमध्ये काहीच जाणवत नाही. जूनचा पाऊस लागला की हॉलच्या एका कोपऱ्यात, सोफ्याजवळ आणि मागच्या बेडरूमच्या चौकटीपाशी लघवीचा उग्र दर्प उठतो. फरशी रोज पांढऱ्या फिनाईलने पुसली जाते, डागांवर एन्झाइमचा स्प्रे मारतात, खोल्यांत सुगंधी तेलाचे डिफ्यूझर आहेत. तरी पाहुण्यांच्या तक्रारी थांबत नाहीत.

नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने करावं? सोफा टाकून द्यावा लागेल का? आणि एक पाहुणे गेल्यावर दुसरे येईपर्यंत घर किती वेळ रिकामं हवं?

सफाई_बार्देश

वास पावसातच का येतो हे आधी लक्षात घ्या, उपाय त्यातूनच निघतो. लघवीतलं पाणी उडून जातं, पण क्षार, युरिया आणि बाकीचा सेंद्रिय भाग कोब्याच्या बारीक चिरांत, टाइल्सच्या सांध्यात, गिलाव्यात मुरून राहतो. कोरड्या हवेत तो गप्प असतो. पावसाळ्यात आपल्याकडची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेली की तेच क्षार हवेतली ओल ओढतात, जिवाणू जागे होतात आणि युरियाचा अमोनिया व्हायला लागतो. लघवी मार्चमधली असेल, दर्प मात्र जुलैत येतो.

म्हणून आधी जागा शोधा. ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च घ्या. ३९५ वाली स्वस्त मिळते, पण तिचा जांभळा उजेडच इतका पडतो की फिकट डाग झाकून जातात. रात्री दिवे बंद करून फरशी, स्कर्टिंग, चौकटींचा खालचा दीड-दोन फुटांचा भाग आणि सोफ्याचे पाय तपासा. लघवी मळकट पिवळी-हिरवट चमकते. निळसर पांढरं चमकतं ते बहुधा कपड्यांच्या पावडरचं असतं, त्याच्या मागे लागू नका. प्रत्येक डागाभोवती खडूने रेघ मारा, कारण दिवा लावला की काही दिसत नाही.

आता फिनाईल आणि एन्झाइम. दोन्ही एकाच फरशीवर वापरत असाल तर एन्झाइमचे पैसे वाया जाताहेत. अशा बाटल्यांत लघवीतला सेंद्रिय भाग तोडणारे एन्झाइम किंवा ते तयार करणारे जिवाणू असतात, आणि फिनाईल जिवाणू मारण्यासाठीच बनवलेलं आहे. आधी साध्या कोमट पाण्याने दोनदा धुऊन घ्या, दर वेळी वायपरने पाणी ओढून काढा, मगच एन्झाइम घाला. उकळतं पाणी नको, त्याने एन्झाइम निकामी होतात. स्टीम क्लीनरही नको, उष्णतेने डाग आणखी पक्का बसतो.

सगळ्यात जास्त गफलत होते ती प्रमाणात. २० किलोचा कुत्रा दिवसाला साधारण ४०० ते ८०० मिलिलिटर लघवी करतो. स्प्रेच्या दहा फवाऱ्यांत जेमतेम १०-१५ मिलिलिटर द्रव पडतो. लघवी जितकी खोल गेली तितकंच खोल औषध जायला हवं, म्हणून ते ओतायचं, फवारायचं नाही. डागाच्या कडेबाहेर चार बोटं जाईल इतकं ओता, वर जाड प्लास्टिक अंथरून कडांना चिकटपट्टी लावा आणि ८ ते १२ तास ओलं राहू द्या. वाळलं की काम थांबतं. नंतर प्लास्टिक काढा, वायपर मारा, पंखा लावून वाळवा. पहिल्या दिवशी वास वाढल्यासारखा वाटेल, तो वाळल्यावर जातो. तरी उरला तर हेच पुन्हा एकदा करा. जुन्या डागांना दोन-तीन वेळा लागतातच.

लघवीवर ब्लीच कधीही ओतू नका. ब्लीच आणि अमोनिया मिळून क्लोरामाइनचा वायू होतो, बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो. सफाईला येणाऱ्या बायकांना हे स्पष्ट सांगून ठेवा.

डिफ्यूझर मात्र आजच काढा. टी ट्री, निलगिरी, संत्र्या-लिंबाची तेलं मांजरांना बाधतात, आणि नाक त्या सुगंधाला सरावलं की सफाई करणाऱ्यालाच वास कळेनासा होतो.

गवंडीकाम_फोंडा

वरचं सगळं बरोबर आहे, पण फरशी कोणती हे बघूनच हात घाला. व्हिनेगर आणि लिंबूपाण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. लाल कोबा म्हणजे सिमेंट, कोटा आणि संगमरवर म्हणजे चुनखडीचे दगड. आम्ल तिघांनाही खातं. चकाकी जाते, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढची लघवी आणखी खोल मुरते. व्हिट्रिफाइड टाइलला काही होत नाही, मात्र तिच्या सांध्यातलं सिमेंट झिजतं.

कोब्यासाठी एन्झाइमनंतर सौम्य, आम्ल नसलेल्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा आणि मेणाचं पॉलिश हाताने घासून चढवा, पातळ थर, दोनदा. कोब्याला भेगा असतील तर आधी रेड ऑक्साइड मिसळलेल्या सिमेंटच्या पातळ लगद्याने भरा आणि तीन-चार दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. घाईने मेण लावलं की आतली ओल अडकते आणि पांढरे डाग पडतात.

टाइल्सच्या सांध्यांचं काम सोपं आहे. जुना भराव ३ मिलिमीटर खोल खरवडून काढा, धूळ ओढून घ्या, एन्झाइम घाला, पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी ग्राउट भरा. इपॉक्सी पाणी पीत नाही. मात्र वाळायच्या आत टाइलवरचा चिकटा ओल्या स्पंजने पुसा, नंतर तो निघता निघत नाही.

तुमची खरी अडचण भिंत आहे. नर कुत्रा पाय वर करून खुणा करतो त्या कोपऱ्यांवर आणि चौकटींवरच, आणि चुन्याचा गिलावा ते सगळं पिऊन टाकतो. वर एन्झाइम ओतलं तरी उभ्या भिंतीवर ते टिकत नाही. जुन्या टॉवेलच्या पट्ट्या एन्झाइममध्ये भिजवून भिंतीला लावा, वर प्लास्टिक चिकटवा, रात्रभर ठेवा. एवढ्यानेही वास गेला नाही तर भिंतीच्या त्या भागातला गिलावा दीड-दोन फूट उंचीपर्यंत चिऱ्यापर्यंत काढून नवा करणं हाच उपाय. चौकट लाकडी असेल तर रंग खरवडून, धुऊन, वाळवून लाखेच्या स्पिरिट पॉलिशचे दोन हात द्या. लाख दर्प आत कोंडून ठेवते, साधा ऑइलपेंट तितका ठेवत नाही.

गिलावा आणि लाखेचं काम जानेवारी ते एप्रिलमध्येच काढा. चिरा जमिनीतली ओल वर ओढतो. पावसाळ्यात वरून थर दिला तर महिन्याभरात फुगे येऊन पापुद्रे सुटतील. तोवर त्या कोपऱ्यापुढे जड कुंडी किंवा लाकडी पेटी ठेवा, म्हणजे पुढचा कुत्रा तिथवर पोहोचणार नाही. आपल्याला वास येईनासा झाला तरी कुत्र्याला येतो आणि तो त्याच जागी परत खूण करतो.

हाउसकीपिंग_पर्वरी

सोफ्याबद्दल. फोममध्ये लघवी मुरली असेल तर कव्हर कितीही धुवा, उपयोग शून्य. गादीची चेन उघडून फोम बाहेर काढा, नाक लावा. वास असेल तर फोम बदला, सोफा फेकायचं कारण नाही. ४ इंची फोम कापून देणारे म्हापशात मिळतात. नव्या फोमवर आधी जलरोधक कव्हर, त्याला टीपीयूचा (लवचिक प्लास्टिकचा) थर असलेलं, आणि त्यावर बाहेरचं कापडी कव्हर. बाहेरच्या कव्हरांचे दोन संच ठेवा. गाद्यांनाही हेच, सहाही बाजू झाकणारं चेनवालं कव्हर. नुसतं वरून ताणून बसवायचं कव्हर बाजूंनी झिरपतं. कापसाची गादी अशा घरात ठेवूच नका, ती आतून वाळत नाही. वेताचा किंवा लाकडी सोफा सुट्या गाद्यांसह असेल तर निम्मी कटकट जाते.

फिकट, पांढऱ्या कापडावरच्या ताज्या डागाला हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. औषधाच्या दुकानात मिळतं ते बहुधा २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के असतं. तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. अर्ध्या लिटरला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा भांड्यांचा लिक्विड साबण. लगेच वापरा, १०-१५ मिनिटांनी धुवा, उरलेलं ओतून द्या. बाटलीत बंद केलं तर वायू साठून बाटली फुटते. रंगीत कापडाचा रंग उडतो, आधी आतल्या शिवणीवर बघा.

केस कोरडे असतानाच काढा. चादरी धुण्याआधी अंगणात झटका, सोफ्यावरून ओलसर रबरी हातमोजा एकाच दिशेने ओढा, केसांच्या वळकट्या होऊन निघतात. केसांसकट मशीनमध्ये टाकलं की तेच केस पुढच्या पाहुण्यांच्या टॉवेलवर येतात. लघवीचे कपडे आधी थंड पाण्यात खंगाळा, मग ६० अंशांवर. टॉवेलना फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर वास धरून ठेवतो.

आणि एसी! बऱ्याच घरांत कुत्र्याचा म्हणून जो वास येतो तो एसीतून येत असतो. जाळी दर पाहुण्यांनंतर धुवा. जाळीच्या मागच्या पंख्यावर आणि कॉइलवर केस-कोंड्याचा ओला थर बसतो, त्याची जेटने धुलाई दर तीन महिन्यांनी करून घ्या आणि पाणी जाणारी नळी तुंबलेली नाही ना हे त्याच वेळी बघा.

"खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळू द्या" हा सल्ला डिसेंबरात ठीक. जुलैत बाहेरचीच हवा ओली असते, खिडकी उघडून ओल आत घेतो आपण. घरात साधा आर्द्रतामापक ठेवा आणि ६० टक्क्यांच्या खाली आणायचं लक्ष्य ठेवा: खिडक्या बंद, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) किंवा एसीचा ड्राय मोड, पंखा सुरू. कौलारू छताला फटी असतात, त्यामुळे माळा किंवा फॉल्स सीलिंग नसलेल्या हॉलमध्ये हे जमणार नाही. तिथे कापडी सामानच कमी ठेवावं.

बाल्कांव_शिवोली

मनापासून आभार, टॉर्च मागवते. दोन गोष्टी राहिल्या. मागच्या बेडरूमला लागून बाथरूम आहे, तिथला वास थोडा वेगळा वाटतो. आणि मांजर व गोचीड यांच्यासाठी वेगळं काही करावं लागतं का?

गवंडीकाम_फोंडा

बाथरूममध्ये आधी नहाणी ट्रॅप बघा, म्हणजे फरशीतल्या जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा भाग. खोली बंद राहिली की ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि सेप्टिक टँकचा वायू थेट वर येतो. लिटरभर पाणी ओता, तासाभरात फरक कळेल. घर महिनाभर बंद ठेवणार असाल तर पाण्यावर चमचाभर खाण्याचं तेल सोडा, पाणी हळू आटतं. फिनाईल आणि ब्लीच बादल्यांनी ओतत राहिलात तर सेप्टिक टँकमधले जिवाणूही मरतात, मग टँकच दर्पायला लागतो.

प्राणीसेवा_काणकोण

मांजराचं वेगळं आहे, ताई. तिच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधक असलेलं द्रव्य असतं. ते ताज्या लघवीत फारसं जाणवत नाही, काही तासांनी विघटन होऊन दर्प येतो. नसबंदी न झालेल्या बोक्यात हे सगळ्यात जास्त. त्यामुळे पाहुणे निघताना वास नव्हता म्हणून खोली स्वच्छ असं समजू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा नाक लावा. मांजरामागे एक शी-शूचा ट्रे आणि वर एक जास्तीचा, असा हिशोब ठेवा. ट्रे प्लास्टिकचा असेल तर त्याला ओरखडे पडतात आणि वास बसतो, तो वर्षाला बदला.

फिनाईलबद्दल आणखी एक. काळ्या फिनाईलमध्ये फिनॉलसारखी द्रव्यं असतात, पांढऱ्यात बहुधा पाइनचं तेल; मांजराच्या यकृताला त्यांचा निचरा नीट करता येत नाही. ओल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटते आणि ते पोटात जातं. कपाटातल्या आणि बेसिनमधल्या डांबराच्या गोळ्याही काढा, त्या कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत.

गोचीड ही चिऱ्याच्या घरांची मोठी समस्या आहे. कुत्र्याची तपकिरी गोचीड घरातल्या घरात आपलं सगळं जीवनचक्र पुरं करू शकते. ती भिंतीवर वर चढते, फटींत, पडद्यामागे, चौकटीच्या सांध्यात लपते, आणि एक मादी काही हजार अंडी घालते. फरशी पुसून ती जात नाही. गिलावा नसलेल्या चिऱ्याचे सांधे भरून घ्या, फटींवरून व्हॅक्यूमचं अरुंद तोंड फिरवा आणि पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका. पेस्ट कंट्रोलवाल्यांना मांजरं येतात हे आधी सांगा. परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेततं, फवारणी पूर्ण वाळेपर्यंत मांजर घरात नको. पिसवा असतील तर एका फवारणीवर थांबू नका, कोषातल्या पिसवा आठवड्यांनी बाहेर येतात.

पिल्लांना जुलाब-उलट्या झाल्या असतील तर पार्व्हो या विषाणूचा विचार करावाच लागतो. घाण पूर्ण काढून, साबणाने धुऊन, साबण निघाल्यावर घरगुती ब्लीच ३० पट पाण्यात घालून १० मिनिटं ओलं ठेवा. ब्लीचला जागा आहे ती इथे, तीही धुतलेल्या फरशीवरच. बागेतली माती अशी निर्जंतुक होत नाही, तिथे लसीकरण पुरं न झालेलं पिल्लू काही महिने येऊ देऊ नका.

सफाई_बार्देश

किती वेळ रिकामं ठेवायचं: नोव्हेंबर ते मे सकाळी ११ ला घर सुटलं आणि काही सांडलं नसेल, तर त्याच संध्याकाळी देता येतं. जून ते सप्टेंबर मध्ये एक पूर्ण रात्र सोडा. एन्झाइमलाच ८-१२ तास लागतात आणि वाळायला तेवढेच.

ताबा देण्याआधीची तपासणी: एसी, पंखे बंद करून खोली चार तास बंद ठेवा. मग त्या दिवशी घरात न आलेल्या माणसाला आत पाठवा. तुम्ही किंवा सफाईवाली नको, तुमची नाकं सरावलेली असतात. त्याने गुडघ्याच्या उंचीवर वाकून कोपऱ्यांत वास घ्यावा.

बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) नळ, आखूड पाइप आणि प्रत्येक कुत्र्यामागे दोन जुने टॉवेल ठेवा, आणि समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करूनच आत न्यावं हे नियमात लिहा. ओल्या केसांत जिवाणू आणि यीस्ट वाढतात, ओल्या कुत्र्याचा वास तो हाच. बुकिंग घेताना तीन प्रश्न विचारा: वय किती, नसबंदी झाली आहे का, गोचीडाचं औषध शेवटचं कधी दिलं. सहा महिन्यांखालचं पिल्लू किंवा नसबंदी न झालेला नर येणार असेल तर त्याला टाइल्सची बेडरूम द्या आणि हॉलमधली कापडी कव्हरं आधीच काढून ठेवा.