जुन्या व्ही-क्रॉसला फेसलिफ्टचा पुढचा भाग: काय काय बदलावं लागतं?

कासारवडवली_पिकअप
नमस्कार मंडळी. गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१७ ची, एमएच-०४. पुढचा बंपर डाव्या कोपऱ्यात फाटलाय, त्याचे ब्रॅकेट तुटलेत आणि दोन्ही हेडलाईट पिवळे पडून धुरकट झालेत. बदलायचंच आहे, तर २०१९ च्या फेसलिफ्टचा (त्याच मॉडेलच्या नव्या रूपाचा) बाय-एलईडी लाईटवाला पुढचा भाग बसवावा असा विचार आहे. नुसते लाईट, ग्रिल आणि बंपर घेऊन भागेल का? जुन्या वायरिंगवर नवे लाईट चालतील का? आणि आरटीओत अडचण येईल का? घोडबंदर रोडचे खड्डे रोजचेच, त्यामुळे खडखड न करणारं काम हवंय.

वागळे_डेंटर
दादा, बॉनेट, ग्रिल, दोन्ही हेडलाईट आणि बंपर हा एकच संच धरा. ग्रिलची वरची कड बॉनेटच्या ओठाला लागते, लाईटची बाहेरची कड फेंडरला (पुढच्या चाकावरच्या पत्र्याला) आणि खालची बंपरला. यातला एखादा तुकडा जुना ठेवला आणि तो जुळला नाही, की बोटभर फट राहते. मग कोणीतरी ग्राइंडर काढतो नाहीतर पुट्टी भरतो, आणि पहिल्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. खाडीकाठची खारी हवा उघड्या पत्र्याला सोडत नाही. फेंडर मात्र आधी घेऊ नका. नवा लाईट जुन्या फेंडरला लावून बघा, कडेचं वळण जुळलं तर तेच ठेवा.

लोक विसरतात ते बारीक सामान: बंपरचे बाजूचे ब्रॅकेट, लाईटखालचा ब्रॅकेट, फॉगलॅम्पच्या चौकटी, क्लिपा, आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे हवा अडवणारे प्लॅस्टिकचे पडदे. हे पडदे नसले तर इंजिनाकडची गरम हवा वळून पुन्हा रेडिएटरपुढे येते. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी गार होईना, की गॅस भरण्याआधी हे बघावं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेला संच मिळाला, तर लाईटचे कान (बोल्ट लागतात ते प्लॅस्टिकचे टोक) उजेडात धरून तपासा. चिकटवलेला कान घोडबंदरवर टिकणार नाही.

बॉनेट नवं आलं तर त्यावरचा काळा थर खरा ईडी कोट (कारखान्यात विजेने चढवलेला गंजरोधक थर) आहे का, ते पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन घासून बघा. फडकं काळं झालं तर तो साधा रंग आहे, तो उतरवून एपॉक्सी प्रायमर मारावाच लागेल. फडकं स्वच्छ राहिलं तर थर काढू नका, ३२०-४०० च्या पॉलिश पेपरने नुसता हलका घासून घ्या.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा. पुढच्या बाजूला एअरबॅगचा सेन्सर असेल, तर तो किंवा त्याचा ब्रॅकेट जागचा हलवायचा नाही. जुन्या कब्ज्यांभोवती मार्करने रेघ ओढा, मग बॉनेट दोघांनी धरून उतरवा. नवं बसवताना आधी लॉकचा खटका सैल करून बाजूला ठेवा. पहिल्यांदा कब्ज्यांवर मागची कड आणि फेंडरच्या फटी जुळवा. दोन्ही बाजूंना ४-५ मिमी सारखी फट आली की रबरी गुटके फिरवून उंची लावा, आणि लॉक सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने केलं तर लॉक बॉनेटला एका बाजूला ओढतं आणि फट कितीही फिरवली तरी जुळत नाही.

शेवटी मुख्य लॉक सोडून बॉनेट वर ओढून बघा. दुसऱ्या सेफ्टी हुकाने ते धरलंच पाहिजे. नाशिक हायवेवर बॉनेट उडून काचेवर आलं तर चालकाला काहीच दिसत नाही, म्हणून ही तपासणी टाळू नका. हे सगळं रंगाच्या आधी, कोऱ्या पार्ट्सवर. रंगवलेला पार्ट जुळवताना कडा हमखास उडतात.

तुर्भे_ऑटोइलेक्ट्रिक
वायरिंगचं मी सांगतो. जुन्या लाईटचा कपलर (वायरिंगचा प्लग) कापू नका. त्यात बसणारा जोड कपलर घेऊन मधली वायरिंग वेगळी बनवा, म्हणजे उद्या जुने लाईट पाच मिनिटांत परत लागतील.

पहिलं काम मल्टिमीटरचं. कपलर काढा, डिपर (जवळचा झोत) आणि अपर (लांबचा झोत) आलटून पालटून लावा, दोन्ही वेळी कुठल्या पिनवर कायम १२ व्होल्ट आहेत ते बघा. काही जपानी गाड्यांत लाईटला पॉझिटिव्ह सामाईक असतो आणि स्विच अर्थ जोडतो. ते न बघता एलईडी लाईट थेट जोडला तर पेटणारच नाही, आणि बिचारा लाईट खराब म्हणून परत जातो.

दुसरी चूक याहून जास्त होते. जुन्या एच-४ हॅलोजन बल्बात अपर लावला की डिपर बंद होतो. बाय-एलईडीत एकच एलईडी दोन्हीसाठी असते, अपरला समोरची पट्टी नुसती खाली पडते. म्हणजे अपरच्या वेळीही डिपरची लाईन चालू राहायला हवी. जुन्या वायरिंगवर तसंच जोडलं तर अपर दाबताच पुढे अंधार.

उपाय असा: ३० अँपियरचे दोन रिले (लहान सिग्नलवर चालणारे विजेचे स्विच). रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीकडून १५ अँपियरच्या फ्यूजमधून २.५ चौरस मिमीची वायर, ८७ वरून लाईटला १.५ ची. अपरचा रिले अपरच्या सिग्नलवर. डिपरच्या रिलेला दोन्ही सिग्नल, प्रत्येकात १ अँपियरचा एक डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारा). स्विच पॉझिटिव्हचा असेल तर डायोडची पांढरी रेघ रिलेच्या कॉइलकडे, अर्थचा असेल तर रेघ स्विचच्या वायरकडे. डीआरएलला (दिवसा चालणाऱ्या लाईटला) इग्निशनवरची वेगळी लाईन द्या, बॅटरीवर थेट नको, नाहीतर दोन दिवस उभी राहिलेली गाडी सुरू होणार नाही. रिलेच्या पिना खाली तोंड करून बसवा, पाणी साचत नाही. अर्थचा बोल्ट रंग खरवडून घट्ट करा आणि वर ग्रीस लावा.

कासारवडवली_पिकअप
खूप आभार, पट्टीचं तर माहीतच नव्हतं. एक लाईट परदेशातून मागवलेला, न वापरलेला मिळतोय. चालेल का? आणि रंग जुलैतच करावा लागेल, गाडी फार दिवस उभी ठेवता येणार नाही.

तुर्भे_ऑटोइलेक्ट्रिक
थायलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन इथे आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, तिकडचा चालेल. आखाती देशांतला किंवा युरोपातल्या उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांतला नको, त्याचा झोत उजवीकडे वर चढतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. भिंतीवर टाकून बघा, कापलेल्या रेषेची (उजेड-अंधाराच्या सीमेची) पायरी डावीकडे वर गेली पाहिजे. आणि घ्यायचे तर दोन्ही एकाच प्रकारचे घ्या.

सानपाडा_पेंटबूथ
जुलैत उघड्यावर रंग मारू नका. हवेतला ओलावा क्लिअर कोटमध्ये (वरच्या पारदर्शक थरात) अडकतो आणि दुधाळ झाक येते, ती पॉलिशने जात नाही. बंद बूथ आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर, एवढं असेल तिथेच द्या.

बंपर पीपी (पॉलिप्रॉपिलीन) प्लॅस्टिकचा असतो, आतल्या बाजूला तसं कोरलेलं दिसेल. साबणाने धुऊन, करड्या स्कॉचब्राइटने घासून, आधी प्लॅस्टिकचा चिकटवणारा प्रायमर, मगच बाकीचे थर. हा थर चुकवला की सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर पंपापुढे रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

मेटॅलिक रंग असेल तर नुसतं बॉनेट रंगवून भागत नाही. आठ-नऊ वर्षं उन्हात राहिलेल्या फेंडरशेजारी ते वेगळंच दिसेल, विशेषतः तिरप्या संध्याकाळच्या उन्हात. बेस कोट (मूळ रंगाचा थर) फेंडरवर थोडा विरवत न्यायचा आणि क्लिअर पूर्ण फेंडरवर मारायचा. आधी एका पत्र्यावर नमुना मारून तो गाडीला लावून बघा, कोड बरोबर असला तरी छटा फरक दाखवते.

घणसोली_पेपर्स
कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या विनिर्देशांपासून बदलणारे फेरफार अडतात. म्हणून इंजिन, चासी, लांबी, बसायची जागा याला हात लावू नका. रंग बदलणार असाल तर आरसीत नोंद हवीच, आहे तोच ठेवलात तर तो प्रश्न उरत नाही. लोखंडी बुलगार्ड नको, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये त्यावर कारवाईच्या सूचना राज्यांना दिल्या होत्या. विमा कंपनीला पार्ट्सच्या बिलांसह लेखी कळवा आणि पोच ठेवा. पुढे क्लेमच्या वेळी २०१७ च्या गाडीवर नंतरचे लाईट बघून सर्व्हेअर विचारणारच.

वागळे_डेंटर
शेवटचं, झोत लावणं. चाकांत हवा बरोबर, मागे रोजचा असतो तेवढा माल, मगच लावा. पिकअप मागे दबली की तोंड वर होतं आणि बाय-एलईडीची कापलेली रेषा तीक्ष्ण असल्याने समोरच्याला लगेच टोचते. भिंतीपासून ५ मीटरवर सपाट जागी उभी करा, लाईटच्या मध्याच्या उंचीवर भिंतीला टेप लावा, डिपरची रेषा त्याच्या ५ सेमी खाली आणा. आठवडाभर खड्ड्यांतून चालवली की पुन्हा एकदा बघा, त्याच वेळी बंपरचे आणि लाईटचे सगळे बोल्ट एकदा आवळून घ्या.