म्हादईचा गाळ समुद्रात कुठवर जातोय, सॅटेलाइटवर बघायचं कसं? मदत हवी

मंडळी, सॅटेलाइट फोटोतलं कळणारं कोण आहे का ग्रुपवर? आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते, तर पावसात तिच्या तोंडाशी गाळ कुठवर पसरतोय ते बघायला कोपर्निकस ब्राउझर (युरोपच्या सॅटेलाइटचे फोटो दाखवणारी वेबसाइट) उघडून बसलोय. फुकट आहे, सेंटिनेल-२ सॅटेलाइटचे फोटो १० मीटरपर्यंत बारीक आणि दर ५ दिवसांनी नवीन, पण जून ते ऑगस्ट नुसते ढगच की ओ! नदी खरी लाल होते नेमके तेच दिवस झाकलेले. सप्टेंबर अखेरचा एक बरा मिळालाय, त्यात नदीच्या तोंडाशी असलेल्या आग्वाद किल्ल्याच्या खाली तपकिरी पट्टा दिसतोय, पण तो गाळच की उथळ पाण्याचा तळ की उन्हाची चमक, कसं ओळखायचं?

लाल बँड (फोटोतला फक्त लाल प्रकाशाचा थर) चार नंबरचा, गाळ असला की तिथं पाणी उजळ दिसतंय एवढं कळलंय. पाण्यासाठी एल-१-सी (हवेचा परिणाम न काढलेला फोटो) घ्यायचा की एल-२-ए (तो काढलेला)? दुसरा मुळात जमिनीसाठी केलाय म्हणतात. कोण तरी रडार बघ म्हणालं, ते ढगातनं बघतंय खरं पण पाण्याचा रंग कुठं दिसतोय त्यात. मोडिस (नासाच्या सॅटेलाइटवरचा कॅमेरा) रोज मिळतंय पण २५० मीटरचं, मांडवीला जाडंभरडंच होणार.

मलप्रभा पण इथनंच, कणकुंबीतनं निघते, पण तिचा गाळ सौंदत्तीच्या धरणातच बसत असणार, म्हणून ती सोडली.

ढग नसलेली तारीख पटकन शोधायची युक्ती असली तर तेवढी तरी सांगा.