दूध संस्थेच्या अ‍ॅपवर मी काय शिकलो

चांगल्या डिझायनरला आतूनच कळतं, युजरला विचारत बसायची गरज नाही, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतंय. मी कोल्हापूरचा, करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी अ‍ॅप करायला घेतलेलं आणि मला पक्कं वाटत होतं की दुधाला लागलेल्या महिनाभराच्या फॅटचा ग्राफ दाखवला की शेतकरी खूश. मग पहाटे संकलनाला जाऊन उभारलो तर एक मावशी किटली खाली ठेवत म्हणाल्या, "ते रंगीत ऱ्हाऊ दे बाळा, आज फॅट किती लागलं आणि दहा दिवसाचं बिल किती झालं तेवढं सांग." दोनच आकडे! तेच मोठ्या अक्षरात पहिल्या स्क्रीनवर घेतले, ग्राफ आत ढकलला.

आणि रिसर्चला लई पैसा लागतो असं नाही हो, अ‍ॅप-वेबसाइट वापरायला किती सोपी याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० सालीच लिहून ठेवलंय की पाच जणांवर टेस्ट केली तरी वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी दिसतात.

पण सगळंच आकड्यांवर सोडायचं हेही मला मान्य नाही. गूगलमध्ये कुठला निळा जास्त चालतो हे बघायला ४१ छटा तपासत बसले, असल्याच गोष्टींना कंटाळून तिथले डिझायनर डग्लस बोमन २००९ मध्ये तिथून बाहेर पडले, आणि त्यांचं बरोबरच होतं. मावशींनी काय हवं ते सांगितलं, पण एका हातात किटली, दुसरा हात ओला, अशात बटण केवढं आणि कुठं पाहिजे हे कुणी सांगितलं नाही, ते मी बघून ठरवलं.

तुम्ही तुमचं अ‍ॅप कुणाच्या हातात देऊन बघितलं होतं, ऑफिसातल्या पोरांच्या का खऱ्या गिऱ्हाईकाच्या?