एमआरआयमधून मेंदूची सूक्ष्मरचना खरंच दिसते का?

पहिलं_सेमिस्टर
नमस्कार मंडळी. मी न्यूरोसायन्समध्ये एमएस्सी करतेय, प्रोजेक्टला डिफ्यूजन एमआरआयचा तयार डेटा मिळालाय, तरुण आणि वयस्कर असे दोन गट आहेत. सर म्हणाले अ‍ॅक्सॉनची (चेतापेशीच्या लांब तंतूंची) घनता वगैरे काढून बघ, वयाप्रमाणे काय बदलतं ते. आता माझी अडचण अशी की डेटाचा एक व्होक्सेल (इमेजचा सर्वात छोटा ठोकळा) आहे २ मिमीचा आणि अ‍ॅक्सॉनची जाडी असते १ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एका व्होक्सेलमध्ये लाखांनी अ‍ॅक्सॉन बसणार. मग "मायलिन (तंतूवरचं चरबीचं वेष्टण) कमी झालं", "अ‍ॅक्सॉन विरळ झाले" असं पेपरात लिहितात ते कशाच्या जोरावर? आणि त्या रंगीबेरंगी तारांच्या इमेज असतात ते खरे अ‍ॅक्सॉन असतात का? फॉर्म्युले सगळीकडे मिळतात पण ही मधली गोष्ट कोणी नीट सांगत नाही.

स्पिन_एको
प्रश्न एकदम मुळावर बोट ठेवणारा आहे. अ‍ॅक्सॉन दिसत नाही, कुठल्याच एमआरआयमध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतला एकटा अ‍ॅक्सॉन दिसत नाही. दिसतं ते पाणी. पाण्याचे रेणू सतत इकडे तिकडे हलत असतात, आणि स्कॅनर एक ग्रेडिएंट पल्स (जागेनुसार बदलणाऱ्या चुंबकीय फील्डचा झटका) देतो, थोडं थांबतो, मग दुसरी देतो. रेणू जागचा हलला नाही तर दोन्हींचा परिणाम एकमेकांत फिटतो, हलला तर सिग्नल पडतो. ही पल्सची पद्धत स्टेस्कल आणि टॅनर यांची, १९६५ची, मेंदूवर ती वापरायला नंतर वीस वर्षं गेली.

आता आकडे बघा म्हणजे मायक्रॉनचा संबंध लक्षात येईल. ३७ डिग्रीला मोकळ्या पाण्याचा डिफ्यूजन कोएफिशिएंट साधारण ३ मायक्रॉन वर्ग प्रति मिलिसेकंद असतो, मेंदूच्या टिश्यूत सरासरी ०.७ ते ०.८ च्या घरात. स्कॅनर ५० मिलिसेकंद थांबला तर टिश्यूतला रेणू सरासरी ८-९ मायक्रॉन सरकतो. म्हणजे मोजपट्टीच मुळात मायक्रॉनची आहे, व्होक्सेल २ मिमीचा असला तरी. पेशीच्या भिंती, मायलिनचे थर, अ‍ॅक्सॉनची त्वचा या सगळ्यांना रेणू त्या वेळात आपटून येतो आणि त्याचा ठसा सिग्नलवर उमटतो. फक्त तो ठसा लाखो अ‍ॅक्सॉन, ग्लियल पेशी आणि मधलं पाणी या सगळ्यांचा मिळून एकच आकडा म्हणून येतो, आणि त्या एका आकड्यावरून आत काय होतं हे उलट काढायचं. खरी मारामारी इथे आहे, रिझोल्यूशनमध्ये नाही.

तारांच्या इमेजबद्दल: ते ट्रॅक्टोग्राफीचं सॉफ्टवेअर एका व्होक्सेलची दिशा धरून पुढच्यात जातं आणि रेघ ओढत राहतं. रेघांची संख्या म्हणजे अ‍ॅक्सॉनची संख्या नव्हे, हे कृपा करून प्रोजेक्टमध्ये लिहू नका. २०१७ साली एक मोठी स्पर्धा छापून आली, वीस टीमना असा कृत्रिम डेटा दिला होता ज्याचं उत्तर आधीच माहीत होतं, तर तंतूंचे खरे गठ्ठे बहुतेकांना सापडले पण त्यासोबत नसलेले गठ्ठे त्याहून जास्त निघाले.

काचपट्टी
मी हिस्टॉलॉजीवाली आहे त्यामुळे माझी तक्रार "मायलिन कमी झालं" या वाक्याशी. एफए, म्हणजे पाणी एकाच दिशेने किती सरकतं तो आकडा, कमी झाला की लगेच मायलिनवर ढकलतात. गारफिश नावाचा मासा आहे, त्याच्या वास घेण्याच्या नसेत मायलिन नसतंच, तरी १९९४ मध्ये मोजलं तेव्हा पाणी नसेच्या लांबीच्या दिशेनेच जास्त वाहतं असं निघालं. म्हणजे दिशा पकडून ठेवायचं मुख्य काम अ‍ॅक्सॉनच्या त्वचेचं आहे, मायलिन त्यात थोडी भर घालतं.

आणि उलटी गंमतही बघून ठेव. जिथे दोन गठ्ठे एकमेकांना छेदतात तिथे एफए मुळातच कमी असतो, कारण दोन दिशा एकात मिसळतात. आता समजा त्यातला एक गठ्ठा आजारात झिजला, तर उरलेल्याची एकच दिशा राहते आणि एफए वाढतो! मेंदू खराब झालाय आणि आकडा सुधारलाय. व्हाइट मॅटरमध्ये (मेंदूच्या आतल्या तंतूंच्या भागात) असे छेदणारे व्होक्सेल तुरळक नाहीत, बहुसंख्य आहेत, त्यामुळे हे सोडून देता येत नाही.

डोळ्यांनी दिसणारी सूक्ष्मरचना हवी असेल तर कॉर्टेक्सकडे (मेंदूच्या बाहेरच्या थराकडे) बघ, मला तो भाग फार आवडतो. पार्मामध्ये शिकणाऱ्या फ्रांचेस्को जेनारी नावाच्या मुलाला १७७६ मध्ये गोठवलेला मेंदू कापताना मागच्या भागातल्या कॉर्टेक्समध्ये एक पांढरी रेघ नुसत्या डोळ्याने दिसली. ती मायलिन असलेल्या तंतूंची पट्टी, बघण्याच्या मुख्य भागाची खूण. चांगल्या रिझोल्यूशनचा स्कॅन घेतला तर आज ती जिवंत माणसातही त्याच मागच्या भागातल्या कॅल्करीन घडीत दिसते. हे अंदाजाने काढलेलं नाही, सरळ दिसतं, आणि काचेवर मायलिनचा स्टेन करून पडताळता येतं. माझा भरवसा अशा गोष्टींवर जास्त.

पहिलं_सेमिस्टर
बापरे, एफए वाढण्याचं माहीतच नव्हतं. धन्यवाद दोघांनाही. दोन गोष्टी विचारते. एक, मशीनच मोठं घेतलं, ७ टेस्लाच्या चुंबकाचं वगैरे, तर हा प्रश्न सुटतो का? दुसरं, सरांना नॉडी हवंय, म्हणजे पाणी तंतूंच्या आत किती नि बाहेर किती ते काढणारं मॉडेल. माझ्या डेटात बी-व्हॅल्यू (डिफ्यूजनचा परिणाम किती जोरात पकडायचा तो आकडा) एकच आहे, १०००, आणि ३० दिशा. चालेल ना?

स्पिन_एको
मशीनचं सांगतो. व्होक्सेलची बाजू निम्मी केली की घनफळ आठव्या हिश्शावर येतं, सिग्नलही तितकाच पडतो. तो नुसता वेळ वाढवून भरून काढायचा तर ६४ पट वेळ लागतो, म्हणजे ५ मिनिटांच्या स्कॅनचे ५ तासांच्या वर. फील्ड वाढवल्याने मदत होतेच, फ्रान्समधल्या साक्ले इथल्या इझ्यूल्ट या ११.७ टेस्लाच्या मशीनने २०२४ मध्ये ४ मिनिटांत ०.२ मिमीच्या बारकाईच्या इमेज दाखवल्या, पण स्लाइसची जाडी १ मिमी होती, आणि त्या डिफ्यूजनच्या नव्हेत. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूचा ७ टेस्लावर १०० मायक्रॉनचा स्कॅन २०१९ मध्ये आला, त्याला साधारण १०० तास लागले. जिवंत माणूस एवढा वेळ पडून राहू शकत नाही, आणि श्वास नि नाडीमुळे मेंदू हलतो तो वेगळाच.

डिफ्यूजनसाठी फील्डपेक्षा ग्रेडिएंट महत्त्वाचा. हॉस्पिटलातल्या मशीनमध्ये तो ४० ते ८० मिलिटेस्ला प्रति मीटर असतो, खास डिफ्यूजनसाठी बनवलेल्या कनेक्टोम स्कॅनरमध्ये ३००. तरीही १ मायक्रॉनचा अ‍ॅक्सॉन आणि अर्ध्या मायक्रॉनचा यातला फरक त्यालाही कळत नाही, दोन्हींतून येणारा सिग्नल जवळपास सारखाच. कॉर्पस कॅलोसममधले (मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पट्ट्यातले) बहुतेक अ‍ॅक्सॉन नेमके याच मापाचे, त्यामुळे "अ‍ॅक्सॉनचा व्यास मोजला" असं वाचलं की ग्रेडिएंट किती होता ते आधी बघत जा.

रात्रपाळी
नॉडी एका बी-व्हॅल्यूवर करू नका. सॉफ्टवेअर नाही म्हणणार नाही, नकाशा छान काढून देईल, पण किती पाणी अ‍ॅक्सॉनच्या आत आणि किती बाहेर हे वेगळं करायला किमान दोन बी-व्हॅल्यू लागतात. शिवाय नॉडी आतल्या पाण्याचा डिफ्यूजन कोएफिशिएंट १.७ मायक्रॉन वर्ग प्रति मिलिसेकंदला पक्का धरतं, सगळ्यांना सारखा, तरुणाला आणि म्हाताऱ्यालाही. तुमचा प्रश्नच वयाचा आहे त्यामुळे हे गृहीतक सरांसमोर मांडा. खरंच नॉडी करायचं असेल तर ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टचा डेटा मागवता येतो, तरुणांच्या सेटमध्ये १०००, २००० आणि ३००० असे तीन बी-व्हॅल्यू आहेत, प्रत्येकी ९० दिशा, व्होक्सेल १.२५ मिमी.

हाताशी आहे त्यात काम करायचं असेल तर साधा टेन्सर (प्रत्येक व्होक्सेलला एकच मुख्य दिशा देणारं मॉडेल) बसवा आणि एफए सोबत मीन डिफ्युझिव्हिटीही (सगळ्या दिशांची सरासरी) द्या, एकटा एफए नको. डीनॉइझिंग सगळ्यात आधी, मोशन करेक्शनच्या आधी, कारण एकदा इंटरपोलेशन झालं की नॉइजचं मूळ रूप जातं आणि डीनॉइझिंग बिनकामाचं होतं. इमेज फिरवली तर ग्रेडिएंटच्या दिशाही फिरवायला विसरू नका. वयस्कर लोकांत व्हेंट्रिकल (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या) मोठे झालेले असतात, त्यांना लागून असलेल्या व्होक्सेलमध्ये द्रव मिसळतो आणि एफए आपोआप पडतो, त्यांना चिकटून असलेल्या फॉर्निक्स या गठ्ठ्यात तर फारच, तो भाग निष्कर्षातून बाहेर ठेवलेला बरा. कॉर्पस कॅलोसमच्या मधल्या भागापासून सुरू करा, तिथे दिशा जवळपास एकच असते त्यामुळे टेन्सरला निदान न्याय मिळतो.

आणि गटांची तुलना करायच्या आधी प्रत्येकाचं डोकं सरासरी किती हललं ते काढा. एडी करेक्शनच्या (हालचाल आणि विकृती दुरुस्त करणाऱ्या टप्प्याच्या) आउटपुटमध्ये तो आकडा मिळतो. वयस्कर गट जास्त हलला असेल तर तो आकडा मॉडेलमध्ये घाला, आणि फरक तरीही उरतो का ते बघून इथे सांगा, मला खरंच जाणून घ्यायचंय.