होम फोल्डर सगळ्यांना वाचता येतंय. एकच फोल्डर फक्त दोघांना कसा दाखवायचा? (उबुंटू २२.०४)

प्रश्न
विभागाच्या सर्व्हरवर तीसेक जणांची खाती आहेत. मूळ उबुंटू २०.०४ होतं, ते २२.०४ ला अपग्रेड झालं. माझ्या होमवर ‘एलएस -एलडी’ चालवलं की अक्षरांत हक्क दिसतात, ते अंकांत ७५५ होतात (मालक, गट आणि इतर यांचा एकेक अंक), म्हणजे कुणीही आत येऊन वाचू शकतं. आत मुलाखतींची ध्वनिमुद्रणं आणि त्यांची लिप्यंतरं आहेत, आणि मुलाखत देणाऱ्यांना नाव उघड न करण्याची लेखी हमी दिलेली आहे.

मार्गदर्शक मॅडमना ‘मुलाखती’ फोल्डर फक्त वाचता यावा, सहकाऱ्याला त्यात लिहिताही यावं, बाकी कुणाला काहीच दिसू नये. होम ७०० (फक्त मालकाला सगळे हक्क) केलं आणि ‘मुलाखती’ला ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) दिलं, तर मॅडमना ‘परमिशन डिनाइड’ येतं. रूटचे (सर्व्हरच्या मुख्य व्यवस्थापकाचे) अधिकार माझ्याकडे नाहीत.

उत्तर १
आधी ते ७७७ काढा. हक्क तीन: आर म्हणजे वाचणे, डब्ल्यू म्हणजे लिहिणे, आणि एक्स. फोल्डरवरच्या एक्सचा अर्थ ‘चालवणे’ नाही, ‘आतून पुढे जाणे’ आहे. फाइलपर्यंतच्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरवर तो लागतो. होम ७०० असेल तर मॅडम दारातच अडतात. आतल्या खोलीचं दार सताड उघडं असून उपयोग नाही.

७५५ कुठून आलं? उबुंटूत २०.१० पर्यंत नवीन होम तसंच बनायचं, २१.०४ पासून ७५० बनतं. अपग्रेड मात्र जुन्या फोल्डरांना हात लावत नाही.

आता क्रमाने. होममध्ये ‘सीएचमॉड -आर जीओ-आरडब्ल्यूएक्स’ (पर्यायातला आर कॅपिटल) चालवून गट आणि इतर यांचे सगळे हक्क काढा. ‘सीएचमॉड -आर ७००’ करू नका, त्याने प्रत्येक ध्वनिफाइल ‘चालवता येण्याजोगी’ होते. मग बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) ‘यूमास्क ०७७’ (नव्या फाइलींतून कोणते हक्क वगळायचे ते) घाला, म्हणजे नव्या फाइली ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणाऱ्या) बनतील. जुपिटर (ब्राउझरमध्ये कोड चालवण्याचं साधन) वापरत असाल आणि ते टर्मिनलमधून सुरू होत नसेल तर त्याला ती ओळ लागू होईलच असं नाही. एक रिकामी फाइल बनवून तपासा.

दोघांसाठी एसीएल (नाव घेऊन एकेकाला हक्क देण्याची यादी) वापरा, त्याला रूट लागत नाही. ‘सेटएफएसीएल -एम’ने होमवर दोघांना फक्त एक्स द्या: त्यांना होममधली यादी दिसत नाही, पण आत जाता येतं. मग ‘मुलाखती’वर -आर (कॅपिटल) लावून मॅडमना ‘आरएक्स’, सहकाऱ्याला ‘आरडब्ल्यूएक्स’ द्या. इथला एक्स कॅपिटल हवा, म्हणजे तो फोल्डरांनाच लागतो, साध्या फाइलींना नाही. शेवटी तीच आज्ञा -डी (डीफॉल्ट) जोडून पुन्हा चालवा, नव्या फाइलींसाठी.

उत्तर २
वरच्यात एक भर. -डीच्या वेळी स्वतःचं युजरनेमही ‘आरडब्ल्यूएक्स’सह घाला. सहकाऱ्याने बनवलेल्या फाइलीचा मालक सहकारी असतो, तुम्ही नाही. फोल्डर तुमचा म्हणून ती पुसता येईल, पण उघडता येणार नाही.

आणि हे नीट वाचा, इथेच बहुतेकांचं बिघडतं. एसीएल लावल्यावर सीएचमॉडचा मधला अंक गटाचा राहत नाही, तो ‘मास्क’ होतो: नाव घेऊन दिलेल्या सगळ्या हक्कांची वरची मर्यादा. उद्या सवयीने होमवर ‘सीएचमॉड ७००’ मारलंत तर मास्क शून्य होईल. मॅडमचं नाव यादीत तसंच दिसेल, पण प्रवेश बंद. ‘गेटएफएसीएल’मध्ये (हक्कांची यादी दाखवणारी आज्ञा) त्या ओळीपुढे ‘इफेक्टिव्ह’ आणि तीन आडव्या रेघा दिसल्या तर हेच झालंय. ‘सेटएफएसीएल -एम एम::एक्स’ने मास्क परत येतो.

प्रश्नकर्ता
मॅडमना दिसू लागलं, आभार! पण होममधून ‘एमव्ही’ने आत हलवलेलं आजचं मुद्रण त्यांना उघडत नाही. सीपी (प्रत) करूनही तेच. डीफॉल्ट एसीएल तर लावलंय.

उत्तर २
दोन्हींची कारणं वेगळी. एकाच डिस्कवर एमव्ही केलं की फाइल जुनेच हक्क घेऊन येते. डीफॉल्ट एसीएल फक्त नव्याने बनणाऱ्या फाइलींना लागतं. सीपीने नवी फाइल बनते खरी, पण मूळ फाइल ६०० असल्यामुळे गटाचा अंक शून्य, म्हणून मास्क शून्य. हलवून झाल्यावर ‘सेटएफएसीएल’ची -आरवाली आज्ञा पुन्हा चालवा, ती मास्कही नव्याने मोजते. किंवा मुद्रण रेकॉर्डरवरून थेट त्याच फोल्डरात उतरवा, मग गेटएफएसीएलने एकदा पाहा.

उत्तर ३
हक्क बरोबर लावले तरी काही वाटा उघड्या राहतात, आणि तुमच्याकडे दुसऱ्यांच्या विश्वासाची माहिती आहे म्हणून सांगतो.

‘पीएस’ने (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी आज्ञा) सहसा कुणालाही तुमची पूर्ण आज्ञा दिसते. फाइलीच्या नावात मुलाखत देणाऱ्याचं नाव असेल तर ते तिथे उघडं पडतं. फाइलींना क्रमांक द्या, नाव-क्रमांकाची यादी या सर्व्हरवर ठेवूच नका.

तात्पुरत्या फाइलींसाठी सगळ्यांच्या वापरातल्या ‘टीएमपी’ फोल्डरचं १७७७ दुसऱ्याला तुमची फाइल पुसू देत नाही, वाचण्यापासून अडवत नाही. होममध्ये ७०० चा फोल्डर करून ‘टीएमपीडीआयआर’ (तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या ते सांगणारं सेटिंग) तिकडे वळवा.

जुपिटर ‘लोकलहोस्ट’वर (यंत्राच्या स्वतःच्या आतल्या पत्त्यावर) चालतं म्हणून ते फक्त तुमचं नाही. त्याच यंत्रावरचा प्रत्येक जण त्या पोर्टला जोडू शकतो, अडवतो तो टोकन (पासवर्डसारखा गुप्त संकेत). टोकन बंद करू नका.

रूट आणि बॅकअप सांभाळणारे यांना हे हक्क अडवत नाहीत. हमीपत्रात ‘फक्त संशोधक’ असं लिहिलं असेल तर मूळ मुद्रणं स्वतःच्या संगणकावर जीपीजीने कूटबद्ध करूनच वर चढवा. ती सर्व्हरवर उघडलीत तर तेवढा वेळ रूटला दिसतील, म्हणून नावं गाळलेली लिप्यंतरंच तिथे वापरा. ७५५ होतं त्या काळात कुणी प्रत घेतली असेल तर ती आता परत घेता येत नाही, हे मॅडमच्या कानावर आजच घाला.